डब्यातलं ‘थांबा’

३ मार्च, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. भूक किती, झोप किती, लघवीला किती वेळा, कुठे काय दुखतं, रोजच्या रोज. तर घ्या: भूक बरी, झोप बरी, लघवीचं मोजणं सोडून दिलं, कंबर दुखते. झालं डॉक्टरांचं काम. उरलेल्या पानावर मी माझं लिहिणार. अडतीस वर्षं रेडिओत दुसऱ्यांचं बोलणं कापण्यात गेली. मला कधी कुणी माइक दिला नाही.

आजची बातमी अशी की गोळी चालेनाशी झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला त्याला दोन वर्षं झाली. इंजेक्शन आणि गोळी मिळून त्याला गप्प बसवत होती. रक्तात पीएसए म्हणून एक आकडा असतो, साहेब जागे आहेत की झोपलेत ते त्यावरून कळतं. जानेवारीत चार होता, आज एकेचाळीस. डॉक्टर म्हणाले, "जरा आक्रमक निघाला हा." मी म्हटलं, "माझाच ना? मग गरीब कुठून निघणार!" डॉक्टर हसले, नर्स हसली. ही नाही हसली. बायकोला मी वहीत ‘ही’च म्हणणार, नाव लिहिलं तर वाचेल. हिने पर्समधून चौकटीचा कागद काढला आणि ओळीने चौदा प्रश्न विचारले. तेही उभ्याने. शेजारी खुर्ची रिकामी होती. गणिताची मास्तरीण होती ना, फळ्यासमोर उभं राहायची सवय अजून गेली नाही.

मी घाबरलेलो नाही. त्या खोलीच्या छताला बावन्न चौकोन आहेत, त्यातले तीन पिवळे पडलेत.

५ मार्च, गुरुवार

आज जाम मजा आली. इस्पितळाच्या तळघरात एक प्रयोगशाळा आहे, तिथे रक्त द्यायला पाठवलं. तिथली बाई तिशीची असेल, केसांत दोन पेनं खोचलेली आणि तिसरं शोधत होती. मी म्हटलं, "रक्त न्या हवं तेवढं, पण कशाला ते सांगा."

तिने सांगितलं. पेशीतल्या मोठ्या ग्रंथातून एकेका पानाची नक्कल निघते, ती आरएनए. पण नक्कल कच्ची. मधेमधे नको ते तुकडे असतात. ते कापायचे, कामाचे तुकडे जोडायचे, मग पेशी ते वाचून प्रथिन बनवते. "या कापाकापीला स्प्लायसिंग म्हणतात, काका."

मी खुर्चीतून उठलोच. "अहो बाई, स्प्लायसिंग मी अडतीस वर्षं केलंय! ब्लेडने! टेपवर!"

तिला वाटलं म्हातारा सटकला. मग मी समजावलं: भाषणाची टेप यायची, त्यातला खोकला, अडखळणं, घशातली घरघर शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने दोन खुणा करायच्या, तिरकं ब्लेड मारायचं, टोकाला टोक लावून चिकटपट्टी. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "अगदी हेच!"

मग माझ्या भानगडीवर आली. पेशीत एक प्रथिन असतं, त्याला शेवटी एक कान असतो. पुरुषांचा हार्मोन कानात काही बोलला की ते पेशीला म्हणतं, वाढ. बोलला नाही की गप्प. माझी गोळी त्या कानात बोळा घालून बसते. पण काही चलाख पेशी कापताना घोळ घालतात. शेवटचा तुकडा जोडतच नाहीत.

"म्हणजे कानच गेला," मी म्हटलं.

"आणि उरलेलं प्रथिन कुणाचं ऐकायला थांबत नाही. हार्मोन असो नसो, आपलं चालूच."

"आणि बोळा घालायला जागाच नाही!"

"काका, माझ्या विद्यार्थ्यांना हे कळायला दोन तास लागतात."

अंगावर मूठभर मांस चढलं. तिचं नाव मी कात्रीबाई ठेवलं आहे. माझ्या रक्तात ही बिनकानाची टोळी आहे का, ते आठवड्यात कळेल. असली तर गोळी बंद, सलाइनमधून दुसरं औषध. पेशीतले कात्री धरणारे मुळात बिघडतात कसे, ते कात्रीबाई शोधते आहे. त्यावर औषध आहे का विचारलं, तर म्हणाली, "अजून काचेच्या बशीत आहे. वर्षं लागतील." खोटी आशा लावली नाही, ते आवडलं.

शेवटचा तुकडा जोडला नाही म्हणून सगळं चालूच राहिलं, हे ऐकताना मात्र मला माझी एक जुनी टेप आठवली. ही दारातच उभी होती, म्हणून तोंडाला कुलूप लावलं.

७ मार्च, शनिवार

लिहूनच टाकतो. बेचाळीस वर्षं पोटात आहे.

तेव्हा सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागायचा. कवायतमास्तर खणखणीत आवाजाचे. कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायचे, "जागच्या जागी धावा!" मग मिनिटभर बँड, मग "आता थांबा. श्वास घ्या. खाली बसा." त्या दिवशीच्या टेपमध्ये ‘थांबा’च्या आधी मास्तर खोकले. प्रसारणाला सहा मिनिटं. मी खोकला कापला. कापलेल्या पट्ट्या आम्ही गळ्यात अडकवायचो, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. एका बाजूला खोकला, टाकायचा; दुसऱ्या बाजूला ‘थांबा’, परत जोडायचं. घाईघाईत बँडला पुढच्या कार्यक्रमाची धून जोडली आणि टेप पळवत दिली.

नंतर कँटीनमध्ये चहा पिताना मान खाली गेली, तर गळ्यात दोन पट्ट्या. दोन! एकच असायला हवी होती.

गावभर लोक जागच्या जागी धावत राहिले. बँड संपला, धून वाजली, बाजारभाव सुरू झाले. बहुतेकांनी अक्कल वापरली. एका मुलीने वापरली नाही. दहाच्या सुमारास ती तणतणत केंद्रावर आली. नुकतीच शाळेत लागलेली, साडीला पिना जागच्या जागी, नाकावर राग. "मी बटाट्यांच्या भावापर्यंत धावले! सांगितल्याशिवाय मी थांबत नाही. तुमचे मास्तर थांबा म्हणायला विसरले!"

आणि मी, गळ्यात ती पट्टी घेऊन उभा, म्हणालो, "हो ना. विसरले."

"हे गळ्यात काय?"

"कचरा."

तीच ही. पुढच्या वर्षी लग्न झालं. मास्तरांना बोलणी बसली. त्यांनाही वाटलं आपणच विसरलो, म्हणून पुढे निवृत्त होईपर्यंत ते दर कार्यक्रमात तीन-तीनदा ‘थांबा’ म्हणायचे. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पट्टी टाकवली नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवली, भोवती चिठ्ठी गुंडाळून: ‘थांबा. चूक माझी. कुणाला सांगायचं नाही.’

१२ मार्च, गुरुवार

टोळी आहे. बिनकानाचे निघाले. गोळी बंद, २० तारखेपासून दर तीन आठवड्यांनी सलाइन. ते लागू पडेल का? डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांना पडतं." बऱ्याच जणांत मी बसतो का, ते कुणी सांगेना.

घरी आल्या आल्या हिने माळा उपसायला काढला. मी म्हटलं, "आज कशाला?" तर म्हणाली, "मग कधी?" बायकांचं काही कळत नाही.

२१ मार्च, शनिवार

पहिलं सलाइन काल झालं. मी झोपा काढल्या. हिने तीन तासांत खालीवर किती खेपा मारल्या देव जाणे: कधी फाइल, कधी पाणी, कधी उगीच. आज तिने फ्रिजवर आलेख चिकटवला आहे. आडवे आठवडे, उभा पीएसए. एकच टिंब, एकेचाळीसवर. त्या टिंबाकडे बघत ती उभ्या उभ्या जेवली.

भूक: तोंडाला पत्र्याची चव. झोप: भरपूर.

४ एप्रिल, शनिवार

केस गेले. फार नव्हतेच, तरी निरोप म्हणून उशीवर सगळे एकदम जमले. बुलंद आला होता. बुलंद म्हणजे आमचा निवेदक, चाळीस वर्षांचा दोस्त. कुजबुजला तरी खिडक्या हलतात. मला बघून म्हणाला, "अरे, तू तर जन्मला होतास तसा दिसायला लागलास!" मी इतका हसलो की कंबर धरून बसावं लागलं. ही आतून ओरडली, "हळू हसा!" हळू कसं हसतात ते तिने करून दाखवावं.

१० एप्रिल, शुक्रवार

दुसरं सलाइन. आकडा सत्तेचाळीस.

वर गेला. डॉक्टर म्हणतात, पहिल्या खेपेला कधीकधी आधी चढतो आणि मग उतरतो, तेव्हा धीर धरा. धरतो. छताचे चौकोन आज पुन्हा मोजले. बावन्नच.

हिने घरी येऊन दुसरं टिंब काढलं आणि पट्टी लावून रेघ ओढली. मग दोन्ही स्नानघरं घासली.

२२ एप्रिल, बुधवार

आयुष्यात पहिल्यांदा माइक मिळाला! कात्रीबाईंनी त्यांच्या वर्गात बोलावलं. "काका, ते ब्लेड आणि टेप घेऊन या. मुलांना एकदा डोळ्यांनी बघू दे." मी माझा पितळी ठोकळा नेला, ज्याच्या खाचेत टेप बसवून तिरकी कापायची. वीस पोरंपोरी भोवती गोळा. कापलं, जोडलं, दाखवलं. बोटांची टोकं जरा बधिर आहेत, औषधाचा प्रताप, पण हात विसरलेला नाही.

एका पोरीने विचारलं, "तुमची कधी चूक झाली का?"

ही बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती. दार लोटलेलं होतं. मी सांगून टाकलं, बेचाळीस वर्षांनी, वीस परक्या पोरांसमोर. बटाट्यांच्या भावाला वर्ग खो-खो हसला. कात्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हेच! शेवटचा तुकडा जोडला नाही आणि पेशी धावतच राहिली. ती पट्टी अजून आहे?"

"आहे की, डब्यात."

"मला ऐकायची आहे."

बाहेर आलो तर ही म्हणाली, "फारच हसत होते सगळे." मी म्हटलं, "विज्ञानाचं काही होतं." माझ्याकडे बघून ती नुसतं "हं" म्हणाली.

२६ एप्रिल, रविवार

डबा माळ्यावरून काढला. आत दोनशेवर पट्ट्या असतील. चिठ्ठ्या वाचताना दुपार गेली: ‘अध्यक्षांची शिंक’, ‘गायिकेची उचकी, तीन’, ‘कुलगुरू पान उलटताना’. ‘थांबा’ची चिठ्ठी कुठेच नाही! पंधरा-सोळा पट्ट्या बिनचिठ्ठीच्या आहेत, त्यातच असणार. मशीनवर लावल्याशिवाय कळायचं नाही आणि मशीन बुलंदकडे.

ही म्हणाली, "तो कचरा कशाला पसरलाय?" आवाज फारच चढला होता. आजकाल कशानेही चिडते. मी आजारी, मी मजेत, आणि हिचंच काहीतरी बिनसलंय. ब्लाउजही सगळे ढगळ झालेत तिचे. शिंपी बदलायला हवा.

१ मे, शुक्रवार

तीस!!

डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि माझा जीव भांड्यात पडला. लिहायला हरकत नाही आता: इतके दिवस मी घाबरलेलो होतो. छताचे चौकोन कोण हौसेने मोजतं?

मी हिला म्हटलं, "ऐकलंस? तीस!" ती म्हणाली, "एका टिंबाने काही सिद्ध होत नाही," आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्या रांगेत बसायला बाकडी आहेत.

९ मे, शनिवार

बुलंदकडे मशीनवर सगळ्या बिनचिठ्ठीच्या पट्ट्या लावल्या. बोटं आता चांगलीच बधिर आहेत, पट्टी धरली की सुटली की काही कळत नाही. सुई ओवणाऱ्या आजीबाईसारखे आम्ही दोघे जीभ बाहेर काढून बसलो होतो. पहिल्या अकरा पट्ट्यांत खोकले, दारं आणि स्वतः बुलंदची एक शिवी निघाली. शिवी त्याला इतकी आवडली की चारदा लावली.

बारावी लावली आणि मास्तर बोलले.

"आता थांबा. श्वास घ्या. खाली बसा."

बुलंद कुजबुजला, "पुन्हा लाव," आणि पहिल्यांदाच खिडक्या हलल्या नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. किती शांत म्हणाले होते मास्तर. आणि मी ते कुणाला ऐकूच दिलं नाही.

२२ मे, शुक्रवार

तेरा. आता रेघ घसरगुंडीसारखी उतरते आहे.

कात्रीबाई वर भेटायला आल्या. मी पट्टी सापडल्याचं सांगितलं, त्या खूष झाल्या. मग ही जिथे फाइल घेऊन लांब उभी होती तिकडे बघत हळूच म्हणाल्या, "काका, काकू जेवतात ना?"

"जेवते की. उभ्याने जेवते."

"कधीपासून?"

उत्तर माहीत होतं, वहीत लिहिलेलंच होतं.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. खुर्ची रिकामी होती. बाकडी आहेत. ढगळ ब्लाउज. म्हणे शिंपी बदला! काय गाढव माणूस आहे मी. अडतीस वर्षं लोकांच्या श्वासाश्वासाला कान लावून बसलो आणि घरातला ऐकू आला नाही. मी सलाइनखाली घोरत होतो तेव्हा बाई धावत होती. सांगितल्याशिवाय थांबत नाही ती. हे मला बेचाळीस वर्षांपूर्वीच तोंडावर सांगितलं होतं तिने.

तिला सांगायचं कुणी? डॉक्टर मला सांगतात, मी दोस्तांना सांगतो.

१२ जून, शुक्रवार

पाच.

डॉक्टर म्हणाले, सलाइन छान लागू पडलंय. कायमचं गेलं असं म्हणत नाही, दर तीन महिन्यांनी भेटू, पण आता निवांत राहा. ‘निवांत’ त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. पत्ता चुकला.

बुलंद सकाळीच मशीन आणून ठेवून गेला होता. हिला म्हटलं, "अगं, जरा बाहेरच्या खोलीत ये." ती हातात फडकं घेऊन आली. दारात उभी.

पट्टी मी काल जोडून ठेवली होती. आधी बुलंदने केंद्रातून आणलेला बँडचा तुकडा, मागे मास्तर. तीन वेळा वाकडी बसली, चौथ्यांदा जमली. जोड चांगला नाही, पूर्वी असा दिला असता तर साहेबांनी उभं केलं असतं. बटण दाबलं. बँड वाजला. हिचा हात फडक्यावर थांबला, तो बँड ती कुठेही ओळखेल. मग मास्तर म्हणाले,

"आता थांबा. श्वास घ्या. खाली बसा."

मी उठून माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हटलं, "आकडा पाच आहे. मी आहे. बस आता."

ती बसली. आधी नुसती टेकली, मग पाठ मागे गेली, मग फडकं तोंडावर धरून इतकी रडली की मी घाबरलो. मग कळलं, त्यात निम्मं हसू आहे. मीही सामील झालो. दोन म्हातारे, एक टकला, भर दुपारी.

जरा ओसरल्यावर म्हणाली, "म्हणजे मास्तर विसरले नव्हते."

"नाही. मी कापलं. गळ्यात होती तीच ही पट्टी. बेचाळीस वर्षं थाप मारली तुला."

"माहीत आहे."

"त्या वर्गाबाहेर ऐकलंस ना? वाटलंच मला."

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात." तिने पर्स मागितली. प्रश्नांच्या कागदांच्या मागे, आतल्या कप्प्यातून, पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. माझंच अक्षर. ‘थांबा. चूक माझी. कुणाला सांगायचं नाही.’

"अगं, मी दुपारभर शोधली ही! कशाला ठेवलीस?"

"मोठं भांडण झालं की काढायची म्हणून."

"एवढी भांडणं झाली. काढली नाहीस कधी?"

ती विचार करून म्हणाली, "तेवढं मोठं झालंच नाही कधी." मग पाय वर घेतले. "परत लावा ना."

सहा वेळा लावलं. उद्या कात्रीबाईंना ऐकवायला नेणार आहोत, दोघं.

भूक: चांगली. झोप: चांगली. कंबर: ठीक. बोटं: बधिर. ही: खुर्चीत झोपली आहे, फडकं मांडीवर, सव्वा तास झाला.